मुलाचे पहिले पुस्तक : चित्रपुस्तकांची आणि वाचनपुस्तकांची निवड

शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या मुलासाठी पुस्तक घ्यावयाचे झाले, म्हणजे वडीलमाणसे सामान्यतः दोन गोष्टी पाहतात. चित्रे रंगीत आहेत की नाहीत, आणि गोष्टीतून काही बोध मिळतो की नाही. या दोन्ही कसोट्यांना उतरलेली पुष्कळ पुस्तके घरी येतात आणि दोन दिवसांत कपाटात जाऊन पडतात. मूल त्यांच्याकडे पुन्हा वळत नाही. मग मुलाला वाचनाची गोडी नाही, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः दोष बहुधा निवडीचा असतो.

पाच ते आठ वर्षांच्या मुलाला दोन निरनिराळ्या प्रकारची पुस्तके लागतात. पहिला प्रकार चित्रपुस्तकाचा. त्यात निम्मी गोष्ट चित्र सांगते आणि निम्मी शब्द सांगतात. ते पुस्तक मोठ्या माणसाने वाचून दाखवावयाचे असते. ऐकता ऐकता मूल चित्र वाचत असते. दुसरा प्रकार वाचनपुस्तकाचा. अक्षरओळख झालेल्या मुलाने ते स्वतःच्या बळावर, बोट ठेवून का होईना, वाचावयाचे असते. पहिल्या प्रकारात भाषा समृद्ध असावी लागते, दुसऱ्यात ती मोजकी असावी लागते. एका पुस्तकाची कसोटी दुसऱ्याला लावली, की घोटाळा होतो. चित्रपुस्तकातील शब्द अवघड आहेत म्हणून ते नाकारले जाते, आणि वाचनपुस्तकात गोष्ट लहानशीच आहे म्हणून ते क्षुल्लक ठरविले जाते.

दोन्ही प्रकारांना इतिहास आहे. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याने 1658 मध्ये मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक चित्राखाली तोच मजकूर लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत छापलेला होता. चित्र मध्ये ठेवून घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेकडे जाण्याची ही वाट साडेतीनशे वर्षांपूर्वी दाखविली गेली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाचनपुस्तकाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील. शाळेतील नीरस वाचनपाठांविरुद्ध ओरड झाली, तेव्हा डॉ. स्यूस या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने 1957 मध्ये टोपीवाल्या मांजराचे एक पुस्तक केवळ 236 निरनिराळ्या शब्दांत लिहिले, आणि 1960 मध्ये दुसरे एक पुस्तक अवघ्या 50 शब्दांत. शब्द थोडे असले तरी गोष्ट फिकी पडण्याचे कारण नाही, हे त्यांनी सिद्ध केले.

वाचणे म्हणजे काय?

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाची एक साधी मांडणी पुढे ठेवली. अक्षरांचा उच्चार करता येणे ही एक शक्ती, आणि ऐकलेली भाषा समजणे ही दुसरी. वाचन हा या दोहोंचा गुणाकार होय. गुणाकार म्हटल्यामुळे अर्थ स्पष्ट होतो. दोहोंपैकी एक शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. गोष्टी भरपूर ऐकलेले परंतु अक्षरे न येणारे मूल वाचू शकत नाही, हे सर्वांना दिसते. याच्या उलट प्रकार मात्र चटकन ध्यानात येत नाही. एखादे मूल धडा घडाघडा म्हणते. शिक्षक संतुष्ट होतात, घरचे कौतुक करतात. परंतु धड्यातील भाषा त्याच्या कानावरून पूर्वी गेलेलीच नसेल, तर ते उच्चार करीत असते, वाचीत नसते.

म्हणून मुलाच्या पुस्तकाची निवड करताना पहिला प्रश्न असा विचारावयास हवा, की या पुस्तकाची भाषा मुलाच्या कानात आहे काय? सर्व व्यवहार एकाच भाषेत चालणाऱ्या वस्तीत या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. जेथे घराची, गल्लीची आणि शाळेची भाषा वेगवेगळी असते, तेथे त्याचे खरे स्वरूप दिसते. रायपूर शहरातील पुरानी बस्ती हा भाग त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

एक लिपी, तीन भाषा

पुरानी बस्ती हा रायपूरचा जुना गाभा. महामाया मंदिर, जैतुसाव मठ, टूरी हटरीचा लहानसा बाजार ही तेथील ओळखीची ठिकाणे. रायपुरात मराठी कुटुंबे आली ती दोन ओघांत. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांची स्वारी छत्तीसगडावर झाली, आणि 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. हा पहिला ओघ. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे कचेऱ्या, न्यायालये आणि शाळा यांच्या निमित्ताने मराठी माणसे येत राहिली. 1956 पर्यंत रायपूर नागपूरशी असे जोडलेले होते. जवळच्या तात्यापारा मोहल्ल्याच्या नावातही हा मराठी संबंध डोकावतो.

अशा घरातील मूल आजीशी मराठी बोलते, गल्लीत सवंगड्यांकडून छत्तीसगढी ऐकते, आणि शाळेत हिंदीतून शिकते. नोव्हेंबर 2000 मध्ये छत्तीसगड राज्य झाले, आणि 2007 मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचे स्थान देण्यात आले. 2020 मध्ये राज्य शासनाने स्वामी आत्मानंद यांच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या शाळाही सुरू केल्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. परंतु रायपूरच्या शाळेत मातृभाषा याचा अर्थ हिंदी किंवा छत्तीसगढी असाच होणार. मराठीचे वाचन तेथे शाळेकडून अपेक्षिता येत नाही. ते घरात किंवा मोहल्ल्यातील ग्रंथालयातच घडू शकते. एखाद्या पिढीत ते घडले नाही, तर भाषा बोलण्यापुरती उरते, आणि पुढच्या पिढीत बोलण्यातूनही जाते.

तरी एक मोठी अनुकूलता आहे. तिन्ही भाषांची लिपी एकच, देवनागरी. शाळेने हिंदीसाठी शिकविलेली अक्षरे मराठीसाठी पुन्हा शिकवावी लागत नाहीत. या सोयीचा लाभ मोठ्या प्रमाणावर घेणारा एक पुरुष याच प्रदेशाने पाहिला आहे. घरची भाषा मराठी असलेल्या माधवराव सप्रे (1871–1926) यांनी 1900 मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि पुढे समर्थांचा ‘दासबोध’ व टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. दोन भाषांमधील ये-जा हा त्यांच्या कार्याचा पायाच होता.

परंतु लिपीची सोय हीच लहान वाचकाची अडचणही होऊ शकते. हिंदीतून वाचावयास शिकलेल्या मुलाने मराठी पुस्तकात ‘आई’ हा शब्द पाहिला, की हिंदीच्या सवयीने त्याला ‘आली’ असा अर्थ सुचतो. ‘नाव’ म्हणजे होडी वाटते. ‘खाली’ म्हणजे रिकामे, आणि ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. गल्लीत ‘घाम’ हा शब्द उन्हासाठी आणि ‘दाई’ हा आईसाठी वापरला जातो. मराठीत दोहोंचे अर्थ वेगळे. ‘ळ’ हे अक्षर तर शाळेच्या हिंदी पुस्तकात भेटलेलेच नसते, त्यामुळे ‘बाळ’चे ‘बाल’ होते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ मराठीत दोन प्रकारे उच्चारला जातो, पण अक्षर एकच असल्यामुळे पुस्तक ते सांगू शकत नाही. पुष्कळ मराठी पुस्तकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही हिंदी पुस्तकांपेक्षा निराळी असतात. 2009 मध्ये महाराष्ट्र शासनाने या मराठी वळणांचा आग्रह धरला.

या अडचणींवर उपाय एकच. मराठी पुस्तक मुलाच्या हाती देण्यापूर्वी ते त्याला वाचून दाखवावे, तेही एकाहून अधिक वेळा. ‘नाव’ हा शब्द मराठी वाक्यात दहा वेळा ऐकलेले मूल छापील शब्दापाशी फसत नाही. कानाने वाट दाखविली, की डोळा तिच्यावरून जातो.

चित्रपुस्तकाची पारख

चित्रपुस्तक हाती घेतल्यावर प्रथम त्यातील मजकूर झाकून केवळ चित्रे पाहावीत. गोष्टीचा धागा चित्रांवरून अंदाजाने लागतो काय? प्रत्येक पानावर काही घडते काय? त्यानंतर चित्रे न पाहता मजकूर वाचावा. शब्दांनी जे सांगितले तेवढेच चित्रात असेल, तर चित्र ही केवळ सजावट होय. चांगल्या पुस्तकात चित्र शब्दांपेक्षा थोडे अधिक सांगते. ते अधिक काय आहे हे मुलाने शोधावे, आणि मोठ्यांच्या आधी शोधावे, यातच त्याचा आनंद असतो.

हेमलता यांचे ‘महागिरी’ हे पुस्तक याचा उत्तम नमुना आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी 1957 मध्ये स्थापन केलेल्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टने ते काढले, आणि त्याची चित्रे पुलक बिश्वास यांची. महागिरी या हत्तीला एक खांब खड्ड्यात रोवावयाचा आहे. तो रोवीत नाही. माहूत चिडतो, त्याला टोचतो, तरी हत्ती हटून राहतो. खड्ड्यात मांजराचे पिल्लू पडलेले आहे, हे नंतर उघड होते. पिल्लू बाहेर निघाल्यावर हत्ती खांब रोवतो. दयेविषयी शेवटी प्रवचन करण्याची येथे गरजच उरत नाही, कारण ती कृतीत दिसलेली असते. बोधाविषयीची कसोटी याच ठिकाणी लावावी. शेवटचे उपदेशाचे वाक्य काढून टाकल्यावर गोष्ट उभी राहते, की कोसळते? कोसळत असेल, तर ते पुस्तक गोष्टीचे नसून उपदेशाचेच होते.

शब्दच नसलेली किंवा अगदी थोडे शब्द असलेली चित्रपुस्तके बहुभाषिक वस्तीत विशेष उपयोगी पडतात. मराठीत माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’ हे पुस्तक याच हेतूने केलेले आहे. अशा पुस्तकासमोर आजी मराठीत बोलेल, शेजारची मुलगी छत्तीसगढीत आणि शिक्षिका हिंदीत. पुस्तक तेच राहील. स्वतःला वाचता येत नाही म्हणून संकोचणाऱ्या आईलाही ते मुलाबरोबर पाहता येते. हा लाभ लहान नाही.

चित्रातील जग मुलाच्या ओळखीचे असावे काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. सगळेच ओळखीचे असावे असे नाही. न पाहिलेला समुद्र आणि न पाहिलेले बर्फ पुस्तकातूनच भेटते. परंतु मुलाच्या पुस्तकांपैकी एकाही पुस्तकात त्याचे घर, त्याच्या थाळीतील अन्न, त्याचा सण दिसत नसेल, तर पुस्तके ही दुसऱ्या कोणाविषयी असतात, अशी त्याची समजूत होते. छत्तीसगडातील ‘पोरा’ आणि मराठी पोळा यांचे उदाहरण घ्यावे. श्रावणातील अमावास्येला रायपूरची मुले मातीचे नंदी बैल आणि मातीची चूलभांडी घेऊन खेळतात. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवितात. मातीच्या बैलाचे एक चांगले चित्र पुरानी बस्तीतील मुलाला तिन्ही भाषांत बोलते करील. असे छापील पुस्तक मिळाले नाही, तर आठ पानांची वही शिवून ते घरी किंवा वर्गात तयार करता येते. मुलाने सांगितलेले वाक्य मोठ्याने लिहावे आणि चित्र मुलाने काढावे. स्वतःचेच वाक्य असल्यामुळे ते वाचताना मूल अडत नाही.

वाचनपुस्तकाची पारख

वाचनपुस्तकात लिपीचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. देवनागरी अक्षर डावीकडून उजवीकडे सरळ वाचले जाते, असे मोठ्यांना वाटते. लहान मुलाच्या डोळ्याला मात्र अक्षराच्या चारही बाजूंनी फिरावे लागते. काना उजवीकडे, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी. आणि पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी, पण उच्चारली जाते नंतर. म्हणून ठसा मोठा हवा, ओळींत अंतर पुरेसे हवे, आणि उकार व मात्रा एकमेकींत अडकलेल्या नसाव्यात. चित्रावर छापलेली अक्षरे शोभिवंत दिसली, तरी वाचावयास शिकणाऱ्याला त्रास देतात. वाक्य शब्दाच्या मध्येच तुटून दुसऱ्या ओळीवर गेलेले नसावे.

जोडाक्षरांचा प्रश्न मराठीत विशेष आहे. ती अवघड असतात म्हणून जोडाक्षरविरहित गोष्टींची पुस्तके काढण्याची पद्धत रूढ झाली. ती उपयुक्त आहेत. परंतु मराठीतील नित्याचे शब्द, उदाहरणार्थ ‘म्हणाला’, ‘माझ्या’, ‘त्याने’, ‘केव्हा’, हे जोडाक्षरांनीच बनलेले आहेत. ते पूर्णपणे टाळावयाचे ठरविले, की कोणीही कधी बोलत नाही अशी वाक्ये तयार होतात. अक्षरे सोपी झाली तरी भाषा परकी होते, आणि गुणाकारातील दुसरी संख्या घटते. यापेक्षा, रोजच्या बोलण्यातील चार-सहा जोडाक्षरे वारंवार येतील असे पुस्तक अधिक हितकर. मूल ते शब्द संपूर्ण आकृती म्हणून ओळखू लागते.

चांगल्या वाचनपुस्तकाचे दुसरे लक्षण पुनरावृत्ती. एकच वाक्यरचना थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा यावी, आणि प्रत्येक वेळी गोष्ट पुढे सरकावी. लोककथांतील साखळीच्या गोष्टी या कामी जुन्या काळापासून सिद्ध आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने 2008 मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांसाठी काढलेली ‘बरखा’ ही हिंदी पुस्तकमाला येथे उल्लेखनीय होय. तीत 40 लहान पुस्तके चार पायऱ्यांत विभागलेली आहेत; पात्रे तीच राहतात आणि प्रसंग रोजच्या जीवनातील असतात. पुरानी बस्तीतील मुलाची शाळेची वाचनपुस्तके हिंदी असणे स्वाभाविक आहे. त्यांच्या जोडीला मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या मालेसारखी, घरातील माणसांभोवती फिरणारी आणि बोलण्यातील मराठीत लिहिलेली पुस्तके ठेवावीत.

पुस्तक मुलाच्या बेताचे आहे की नाही, हे पाहण्याची ‘पाच बोटांची रीत’ इंग्रजी शाळांत प्रचलित आहे. पान वाचताना प्रत्येक अडखळलेल्या शब्दाला एक बोट मिटावे. पाचही मिटली तर पुस्तक अवघड समजावे. आरंभीच्या पुस्तकात पानावर मुळातच दहा-पंधरा शब्द असतात, तेव्हा तेथे दोन-तीन बोटे पुरेत. मालेच्या पाठीवर छापलेला पायरीचा आकडा हा केवळ अंदाज असतो. हिंदीत तिसऱ्या पायरीवर पोचलेले मूल मराठीत पहिल्या पायरीवर असू शकते. त्यात कमीपणा नाही, आणि मुलाला तसा जाणवू देऊ नये.

भाषांतरित पुस्तके

मुलांची पुष्कळ पुस्तके भाषांतरित असतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ या मालेचा हेतूच असा, की तेच पुस्तक भारताच्या निरनिराळ्या भाषांतील मुलांना मिळावे. सोव्हिएत संघ 1991 मध्ये लयाला जाईपर्यंत तेथील सचित्र पुस्तकांनीही मराठी घरांत मोठा आनंद दिला. अनिल हवालदार यांची भाषांतरे अनेकांना आठवत असतील. 2015 पासून प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहामुळे एकच गोष्ट मराठीत आणि हिंदीत विनामूल्य मिळू लागली. एकच चित्रपुस्तक दोन्ही भाषांत घरी असले, तर कोमेनियसची जुनी युक्ती पुन्हा साधते. आधी मराठीत ऐकावे, मग हिंदीत वाचावे, किंवा उलट.

भाषांतराची परीक्षा मोठ्याने वाचून होते. वाचणाऱ्याची जीभ अडखळली, किंवा वाक्य आपोआप बदलून सांगावेसे वाटले, तर भाषांतर मुलापर्यंत पोचणार नाही. हिंदीवरून केलेल्या मराठीत हिंदीचीच वाक्यरचना राहून जाण्याचा धोका असतो. ज्या मुलाला मराठी ऐकण्याची साधने आधीच थोडी आहेत, त्याच्या हाती असे पुस्तक न दिलेले बरे.

संग्रह आणि त्याचा वापर

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत असे ठरविले आहे. घरापुरता विचार केला, तर आरंभी दहा पुस्तके पुष्कळ झाली. त्यांत चार मराठीतून वाचून दाखवावयाची, तीन मुलाने स्वतः वाचावयाची सोपी हिंदी पुस्तके, एक सोपे मराठी वाचनपुस्तक, एक शब्दाविना चित्रांचे, आणि एक पशुपक्षी किंवा यंत्रे यांविषयी माहिती देणारे असावे. माहितीचे पुस्तक विसरू नये. काही मुलांना गोष्टीपेक्षा इंजिन कसे चालते हेच हवे असते, आणि तीही वाचनाचीच वाट आहे.

पुस्तके मुलाच्या हाताला लागतील अशी, मुखपृष्ठ समोर येईल अशी मांडावीत. कुलुपात ठेवलेले पुस्तक फाटत नाही, पण वाचलेही जात नाही. ग्रंथपालाने वर्षअखेर नोंदवहीबरोबर पुस्तकांची स्थितीही पाहावी. ज्या पुस्तकाची शिवण सुटली आहे आणि कोपरे झिजले आहेत, त्याच्या दोन प्रती नव्याने मागवाव्यात. कोरे करकरीत राहिलेले कोणते आणि का, याची चौकशी करावी.

मूल तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागते, याने मोठी माणसे कंटाळतात. परंतु पहिल्या वाचनात ते गोष्ट ऐकते, पुढील वाचनांत चित्रे पाहते, आणि केव्हातरी ऐकलेला शब्द व छापलेला शब्द एकच आहे हे त्याच्या ध्यानात येते. पुरानी बस्तीतील मुलाच्या बाबतीत हा शोध दोन भाषांत स्वतंत्रपणे लागावा लागतो. हिंदीत तो शाळा लावून देईल. मराठीत तो लागावा यासाठी घरात कोणीतरी रोज दहा-पंधरा मिनिटे पुस्तक उघडून मोठ्याने वाचणे आवश्यक आहे, आणि ते काम सहा-सात वर्षांच्या वयात जितके सहज होते, तितके पुढे होत नाही.